सशाच्या पिल्लांचा खुराक

मूर्तिजापुरासारख्या कापसाच्या मुलखात जनावरांपुढे सरकीची ढेप ठेवण्याचा शिरस्ता जुना असला, तरी त्या ढेपेतील गॉसिपॉल हे द्रव्य, जे गाई-म्हशींच्या कोठीपोटात पुष्कळ अंशी निष्प्रभ होते, तेच सशाच्या कोवळ्या पिल्लास अपायकारक ठरते. सबब ही ढेप त्याच्या खुराकातून वर्ज्य समजावी. दूध तुटल्यावर, म्हणजे साधारण ४ ते ६ आठवड्यांच्या वयानंतर, पिल्लास सुमारे १६ ते १८ टक्के प्रथिने आणि निदान १४ टक्के तंतू लागतात, व त्यांतही तंतूंची वाण पडली की हगवण ठरलेलीच. वाळलेला लसूणघास प्रथिनांसवे कॅल्शियमही मुबलक पुरवितो, तेव्हा वर चुन्याच्या भुकटीचा अट्टहास कशाला? गरजेहून अधिक शोषलेले कॅल्शियम ससा मूत्रावाटे टाकतो. पांढुरके, गढूळ मूत्र दिसते ते त्यामुळेच. बी-गटातील जीवनसत्त्वे पिल्लू बव्हंशी आपल्याच मऊ, द्राक्षांच्या घोसासारख्या चिकटलेल्या लेंड्या खाऊन मिळविते. पाहणाऱ्यास किळस येते खरी, परंतु ही सवय मोडू नये. कोंबड्यांचे तयार खाद्य स्वस्त पडते म्हणून पिंजऱ्यात ओतण्याआधी पोत्यावरील मजकूर वाचावा; कारण रक्ती हगवण रोखण्यासाठी त्यात घातलेले नॅरासिन अथवा सॅलिनोमायसिन सशाच्या जिवावर बेतू शकते. आणि वैशाखात, पारा ३० अंशांच्या पुष्कळ पुढे गेल्यावर ससा खाणेच कमी करीत असल्याने, औषधी पुड्यांवर पैसा घालण्यापूर्वी सावलीची आणि गार पाण्याची तजवीज करावी.