दवाखान्याचे बिल कुणी भरायचे?



एकरी खताला किती खर्च येतो, हे आपण बोटांवर मोजून सांगतो. पण घरात माणूस आजारी पडला की सगळा हिशेब कोलमडतो. उसाचे बिल हाती पडते न पडते तोच दवाखान्यात जाते आणि सोसायटीचे कर्ज तसेच राहते.

रायगड जिल्ह्यातले, पेण तालुक्यातले डोलवी घ्या. धरमतर खाडीकाठचा हा भाताचा मुलूख. तिथे ऊस नाही, पण अडचण आपल्यासारखीच. आपण नवे बेणे आधी दोन गुंठ्यांत लावून बघतो ना? तसेच शासनाने २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आधी आठ जिल्ह्यांत सुरू केली. रायगड त्यांपैकी एक. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली आणि २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले.

यात नवे काय होते? सुरुवातीला शासन दर कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये विमा कंपनीकडे भरी. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवर दीड लाखापर्यंतचे उपचार मोफत. रुग्णालयाला प्रत्येक उपचाराचा दर आधीच ठरवून दिलेला. मुक्काम लांबला म्हणून बिल फुगवता येत नाही. २०२३ च्या शासन निर्णयाने मर्यादा ५ लाखांवर नेली आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अटही काढली.

पण ध्यानात ठेवा. योजनेत नसलेल्या रुग्णालयात गेलात तर पैसे पदरचे जातात. म्हणून दाखल होण्याआधी आरोग्यमित्राला भेटा. शिधापत्रिका व आधार कार्ड जवळ ठेवा. दुसरे म्हणजे, रोजचा ताप-खोकला, रक्तदाबाच्या गोळ्या यांचा खर्च यात बसत नाही. माणूस तिथेच हळूहळू खचतो.

यावरही वाट निघालेली आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आजूबाजूच्या गावांत सुगीला ज्वारी गोळा करून आरोग्य विमा चालवला. ज्याची जमीन जास्त, त्याची ज्वारी जास्त. उपचार मात्र सर्वांना सारखे. शेजारच्या कर्नाटकात २००३ पासून सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी ‘यशस्विनी’ योजना चालली. सुरुवातीची वर्गणी माणशी वर्षाला ६० रुपये, वर शासनाचे अनुदान. २०१८ मध्ये ती दुसऱ्या योजनेत विलीन झाली, तरी २०२२ मध्ये पुन्हा सुरू करावी लागली, कारण सभासदांना ती हवी होती.

मोठ्या दुखण्याला शासन आहे. लहान दुखण्याला आपण काय करणार? ऊस बिलातून नाना कपाती होतात. टनामागे एक रुपया आरोग्यासाठी ठेवला, तर शंभर टन घालणाऱ्याचे शंभर रुपये जातील. त्यातून गावात वेळच्या वेळी तपासणी आणि औषधे मिळाली, तर ते महाग पडेल काय?

वार्षिक सभेला येताना घरच्या बायामाणसांना विचारून या. दुखण्याचा खरा हिशेब त्यांच्याकडेच असतो.