माणूसखाऊ झाड आणि कासचा दवबिंदू

१८७४ साली 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात मादागास्करमधल्या एका झाडाची हकिकत छापून आली. लांब, वळवळत्या फांद्यांनी जिवंत बाईला आवळून खाणारं हे झाड म्हणे एका जर्मन शोधकाने स्वतः पाहिलं होतं. तो शोधक खोटा होता, झाड खोटं होतं, आणि झाडाला माणसाचा बळी देणारी जमातही बातमीदाराच्या डोक्यातली होती. तरी बातमी देशोदेशी फिरली. पन्नास वर्षांनी, १९२४ मध्ये, मिशिगनच्या एका माजी गव्हर्नरने मादागास्करवर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याच्या नावातच हे माणूसखाऊ झाड होतं.

बातमी आली त्याच्या पुढच्याच वर्षी, १८७५ मध्ये, चार्ल्स डार्विनचं कीटकभक्षी वनस्पतींवरचं पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. त्यामागे पंधरा वर्षांचे प्रयोग होते.

मी विज्ञानकथा लिहिते आणि इंग्रजी-बंगालीतून भाषांतरं करते. विचित्र वनस्पतींच्या कथा शोधून शोधून वाचण्याचं वेड मला कॉलेजपासून आहे. इतक्या वर्षांच्या वाचनानंतर माझं मत असं झालंय, की आम्हा विज्ञानकथाकारांनी बहुतेक वेळा वर्तमानपत्रातल्या त्या झाडाची वाट धरली. डार्विनची वाट जास्त विलक्षण ठिकाणी जाते.

एच. जी. वेल्सची १८९४ ची ऑर्किडची कथा घ्या. अंदमानाच्या बाजूने आलेला एक कंद इंग्लंडच्या काचघरात रुजतो आणि आपल्या हवेतल्या मुळांनी मालकाचंच रक्त शोषू लागतो. जॉन विंडमच्या १९५१ च्या कादंबरीतले ट्रिफिड तीन पायांवर चालतात आणि चाबकासारखा विषारी फटका मारतात. सत्यजित राय स्वतः विज्ञानकथाकार आणि अनुवादकही. ब्रॅडबरी आणि क्लार्क यांच्या कथा त्यांनी बंगालीत नेल्या. राय यांच्या एका कथेत मध्य अमेरिकेतून आणलेलं, सात शुंडांचं मांसाहारी झाड आहे. या तिन्ही कथा मला मनापासून आवडतात. विंडमचे लोक ट्रिफिडची तेलासाठी शेती करत होते, हा तपशील तर मला त्या फटक्यापेक्षाही भीतिदायक वाटतो. पण तिन्हींमधली युक्ती एकच आहे. झाडाला प्राण्याचे अवयव द्यायचे, प्राण्याची भूक द्यायची, की झालं झाड भयंकर. मग झाडाचं झाडपण राहतं कुठे? ते जागचं हलत नाही. अन्न, पाणी, शत्रू, लग्न, सगळे प्रश्न त्याला जिथे रुजलं तिथेच उभं राहून सोडवावे लागतात. मला त्याचं नवल वाटतं.

साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटरवर कासचं पठार आहे. सप्टेंबरात तिथे सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा पसरतो आणि लोक त्याचे फोटो काढतात. त्या नाजूक फुलांच्या खाली, ओल्या मातीत, त्याच रोपाचे टाचणीच्या टोकाएवढे फुगे असतात. प्रत्येक फुगा पाणी बाहेर टाकून आतला दाब कमी करून ठेवतो. एखादा सूक्ष्मजीव दाराच्या केसांना शिवला की दार उघडतं, पाण्याबरोबर तो आत ओढला जातो आणि दार मिटतं. आत ओढण्याचं हे काम एका मिलिसेकंदाच्या आत उरकतं. फोटो काढणाऱ्या किती जणांना माहीत असतं, की आपण शिकाऱ्यांच्या कुरणात उभे आहोत?

याच पठारावर दवबिंदूही आहे. शास्त्रज्ञ त्याला ड्रोसेरा म्हणतात. पानावर लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. जांभ्या खडकावरच्या पातळ मातीत नायट्रोजन फार कमी, म्हणून तो किड्यांकडून घ्यायचा. ड्रोसेराच्या इंग्लंडमधल्या भाईबंदांनी डार्विनला झपाटून टाकलं होतं. जगातल्या सगळ्या जीवजातींच्या उगमापेक्षा मला ड्रोसेराची जास्त फिकीर आहे, अशा अर्थाचं त्याने १८६० मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ लायल यांना कळवलं. त्याच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या पुस्तकाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं! त्याने या पानांना मांस दिलं, अंडं दिलं, दूध दिलं. माणसाच्या केसाचा एक तुकडा ठेवला, वजन मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही कमी, तर पानावरचा केस वाकला. पावसाचे थेंब मात्र पानावर कितीही आपटले तरी ते ढिम्म. पाऊस कोणता आणि पाहुणा कोणता, हे पानाला कळतं. कासला पहिल्यांदा भिंगातून दवबिंदू पाहताना मी पोटावर आडवी झाले होते. सोबतच्या गावातल्या मावशी म्हणाल्या, "बाई, सावकाश, हाताखाली आणखी चार हायत."

अमेरिकेतल्या कॅरोलिनाच्या दलदलीतला व्हीनस फ्लायट्रॅप याच्याही पुढे जातो. त्याच्या पानातल्या केसाला एकदा धक्का लागला तर काहीच होत नाही. साधारण वीस सेकंदांच्या आत दुसरा लागला की पान मिटतं. आत अडकलेला किडा धडपडत राहिला आणि पाचेक धक्के झाले, की मगच पाचकरस तयार करण्याचा खर्च सुरू होतो. जर्मनीतल्या वुर्झबर्गच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये ही मोजदाद दाखवून दिली. पहिल्या धक्क्याने पेशींमधलं कॅल्शियम वाढतं आणि हळूहळू उतरू लागतं. ते पुरतं उतरायच्या आत दुसरा धक्का आला तर पातळी उंबरठा ओलांडते. एवढीच त्याची स्मरणशक्ती. मेंदूशिवाय मोजणं आणि विसरणं! परग्रहावरचं पात्र रचताना मी यापेक्षा चांगलं काय कल्पणार?

आपल्या बाभळी-बोरींवर पिवळ्या दोऱ्यांचा गुंता घालणारी अमरवेलही याच पंगतीतली. लसूणघास लावणारा शेतकरी तिला चांगला ओळखतो आणि शिव्या देतो. बियातून कोंब निघतो तेव्हा त्याच्याकडे शिदोरी फार थोडी असते. थोड्या दिवसांत आधार मिळाला नाही तर मरण. २००६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी दाखवलं, की अमरवेलीच्या एका जातीचा कोंब टोमॅटोच्या वासाकडे झुकतो. गव्हाचा वासही त्याला कळतो, पण पसंती टोमॅटोला. आठ वर्षांनी दुसऱ्या एका गटाला आढळलं, की एकदा वेल चिकटली की तिच्यात आणि यजमान झाडात आरएनएच्या हजारो संदेशरेणूंची दोन्ही बाजूंनी ये-जा होते. लुटारू आणि लुटला जाणारा एकमेकांची टपालं वाचत बसलेत, असं काहीतरी.

विज्ञानकथा आणि वनस्पती एकाच माणसात भेटल्या त्या जगदीशचंद्र बोस यांच्यात. १८९६ मध्ये त्यांनी बंगालीत लिहिलेल्या कथेत केसांच्या तेलाच्या एका बाटलीने समुद्रावरचं वादळ शमतं. एका केशतेलाच्या कंपनीने ठेवलेलं बक्षीस तिला मिळालं. भारतीय भाषांतल्या अगदी सुरुवातीच्या विज्ञानकथांत ती धरतात. नंतर याच माणसाने लाजाळू आणि आपली छोटी पानं आपणहून वरखाली हलवणारी बनचांडाल ही वनस्पती यांतले विजेचे स्पंद मोजले, आणि वनस्पतीची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ बांधला. वनस्पतींना मज्जासंस्थाच आहे, हा त्यांचा आग्रह टिकला नाही. झाडांत विजेचे संदेश धावतात, हे मात्र आज कोणी नाकारत नाही. बोस यांची कथा मी वाचते तेव्हा मला त्यांचं प्रयोगशाळेतलं लिखाणच जास्त थरारक वाटतं.

आता मला लिहायची आहे ती कथा घड्याळाची. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानातली कारवी आठ वर्षं नुसती पानांवर राहते, मग अख्खा डोंगर एकदम जांभळा करून मरते. २०१६ मध्ये फुलली, २०२४ मध्ये फुलली. मिझोराममधल्या बांबूचं चक्र तर सुमारे ४८ वर्षांचं. त्या चक्राला तिथे मौताम म्हणतात. बांबू फुलतो, फळांचा खच पडतो, त्यावर उंदीर बेसुमार वाढतात, आणि फळं संपली की ते भाताच्या शेतांत आणि कोठारांत शिरतात. १९५८ मध्ये मिझो जाणत्यांनी दुष्काळ येतोय असं बजावलं, तेव्हा त्या भागाचा कारभार पाहणाऱ्या आसाम सरकारने ते मनावर घेतलं नाही. १९५९ मध्ये दुष्काळ आला. मदतीसाठी मिझो नेते लालडेंगा यांनी काढलेली दुष्काळ आघाडी १९६१ मध्ये मिझो नॅशनल फ्रंट झाली, १९६६ मध्ये तिने बंड केलं, १९८६ मध्ये करार झाला आणि १९८७ मध्ये मिझोराम राज्य बनलं. बांबू २००६ च्या सुमारास पुन्हा फुलला. या वेळी सरकार तयारीत होतं. मारलेल्या उंदरांच्या शेपट्या आणून देणाऱ्यांना पैसे मिळत होते.

माझ्या कथेतल्या ग्रहावर झाड दीडशे वर्षांनी एकदा फुलतं. मागचं फुलणं पाहिलेला एकही माणूस जिवंत नाही, आणि ते पुन्हा येणार आहे हे फक्त एका गाण्यात उरलं आहे. त्या झाडाला मी दात दिलेले नाहीत.