बारावीचा पाचवा विषय आणि पर्सेंटाइल

बारावीला ‘स्कोअरिंग’ विषय घ्यावा का? उत्तर गुण कसे मोजणार यावर ठरते.

जयपूरच्या बनी पार्कमधला राजस्थान बोर्डाचा मुलगा आणि पुण्यातली महाराष्ट्र बोर्डाची मुलगी, दोघांना ८० टक्के. कोण पुढे? सांगता येणार नाही. प्रश्नपत्रिका वेगळ्या, तपासणी वेगळी. म्हणून २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या गुणवत्ता यादीत बारावीला ४० टक्के भार होता, तेव्हा गुण जसेच्या तसे घेत नसत. आधी विद्यार्थ्याचे स्वतःच्या बोर्डातले पर्सेंटाइल, म्हणजे त्याच्याइतके किंवा कमी गुण मिळवणारे शेकडा किती, ते काढत. मग त्या पर्सेंटाइलला जेईईत पडलेल्या गुणांवरून त्याचे बारावीचे गुण ठरत.

आता गंमत पाहा. महाराष्ट्रात पुष्कळ मुले दुसऱ्या भाषेऐवजी आयटी घेतात. समजा सगळ्यांनाच त्यात १० गुण जास्त मिळाले. टक्के वाढले, पण क्रम तोच, म्हणून पर्सेंटाइलही तेच!

हा भार २०१७ पासून गेला. आज एनआयटी प्रवेशाला पाच विषयांत ७५ टक्के (एससी, एसटींना ६५) किंवा आपल्या बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान लागते. ७२ वर अडकणाऱ्याला इथे तेच १० गुण तारतात: ५०० पैकी १० म्हणजे २ टक्के, झाले ७४. अजून ५ गुण हवेत, ते मात्र गणितातून काढा.