दाराचा शिरस्ता

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते बोरीबंदरहून कुर्ल्याकडे जी चार डब्यांची गाडी रवाना झाली, ती हिंदुस्थानातील पहिली विजेची गाडी होय. आणि त्या घटनेस २०२५ साली शंभर वर्षे पुरी झाली. त्याच वर्षी ९ जून रोजी मुंब्र्याच्या वळणावर परस्परविरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन लोकलांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी एकमेकांस घासून रुळांवर कोसळले, त्यांतील काहींना प्राणांस मुकावे लागले, आणि यापुढे मुंबईच्या प्रत्येक नव्या उपनगरी गाडीस आपोआप मिटणारी दारे असतील असा हुकूम रेल्वे बोर्डाकडून निघाला. शताब्दीचा समारंभ आणि अपघाताची चौकशी ही दोन प्रकरणे अशी एकाच सालच्या दप्तरात येऊन पडली. शंभर वर्षे उघडे राहिलेले दार आता मिटणार, या वार्तेने ज्याच्या आयुष्याची काही वर्षे त्याच दारात उभ्याने गेली अशा माणसास मागे वळून पाहण्याची बुद्धी व्हावी, यात नवल नाही.

मुंबईकराला गाडीत चढण्याची रीत नाही, असा ठपका परगावचा पाहुणा ठेवतो. मुंबईच्या गर्दीसारखी माणुसकी अन्यत्र नाही, असे प्रशस्तिपत्र मुंबईकर स्वतःच स्वतःस देतो. मला या दोन्ही मतांत अर्धेच तथ्य दिसते. गाडीत चढण्याउतरण्याचा शिष्टाचार माणूस घरून घेऊन येत नाही. तो त्याला गाडी शिकवते, आणि गाडीतही मुख्यत्वेकरून दार शिकवते. दार किती रुंद, ते किती वेळ आपल्यापुढे थांबणार, आणि ते मिटते की नाही, या तीन गोष्टींवर सभ्यतेचे सारे मान अवलंबून असते.

१६ एप्रिल १८५३ रोजी साहेब, सिंध आणि सुलतान अशा भारदस्त नावांची तीन इंजिने चौदा डबे आणि सुमारे चारशे निमंत्रित घेऊन बोरीबंदरहून ठाण्यास गेली, तेव्हा चढण्याच्या रीतीचा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण निमंत्रिताला जागेची भ्रांत नसते. पुढे १२ एप्रिल १८६७ पासून विरारहून बॅकबेकडे रोज एक गाडी धावू लागली. दिवसाकाठी एकच गाडी असली म्हणजे माणूस तिची वाट पाहुण्याची पाहावी तशी पाहतो, वेळेच्या आधी येऊन सावलीत बसतो, आणि ती आली म्हणजे शेजाऱ्याची निरोपाची बोलणी आटोपेपर्यंत दाराशी थांबतोही. विजेच्या गाडीने हा ऐसपैसपणा संपविला. ती चटकन वेग घेई, चटकन थांबे, आणि म्हणूनच एकीमागून दुसरी सोडता येई. एकामागून एक गाड्या आल्या म्हणजे घाई कमी व्हावी असा तर्कशास्त्राचा दाखला आहे, परंतु अनुभव अगदी विपरीत आला. मागून दुसरी गाडी येत असल्यामुळे पहिलीला थांबण्यास सवड उरली नाही. फलाटावरचा मुक्काम वीस-तीस सेकंदांवर आला, आणि तेव्हापासून मुंबईकराच्या सौजन्याचे माप घड्याळाच्या सेकंदकाट्याने होऊ लागले.

१९२८ च्या जानेवारीत पश्चिमेकडची, म्हणजे त्या वेळच्या बी. बी. अँड सी. आय. कंपनीची, कुलाबा ते बोरिवली वाट विजेवर आली. १९३० च्या अखेरीस कुलाब्याचे स्थानक मिटले आणि चर्चगेट हे शेवटचे ठाणे ठरले. नंतरची हकिकत सर्वश्रुत आहे. कचेऱ्या दक्षिणेच्या टोकास राहिल्या आणि बिऱ्हाडे उत्तरेकडे सरकत गेली. गिरगावातल्या चाळीत ज्याचा जन्म झाला त्याचा मुलगा डोंबिवलीत आणि नातू बदलापुरात राहू लागला. बेटाची लांबी वाढविता येत नव्हती म्हणून गाडीची लांबी वाढविण्यात आली. चाराचे आठ-नऊ डबे झाले, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात बारा झाले, २००९ साली पश्चिम रेल्वेवर पंधरा झाले. मध्यंतरी १९७४ साली तिसरा वर्ग कागदोपत्री नाहीसा होऊन त्याचे प्रवासी एका रात्रीत दुसऱ्या वर्गाचे झाले. मात्र त्यांना उभे राहण्यास मिळणारी जागा पूर्वीइतकीच राहिली.

या गाडीशी माझा नित्याचा संबंध आला तो १९७१ साली. फोर्टातल्या एका कचेरीत नुकताच कारकून म्हणून रुजू झालो होतो. पहिल्याच सोमवारी डोंबिवलीच्या फलाटावर मी सभ्य माणसास शोभेल अशा रीतीने रांग कोठे आहे ते पाहत उभा राहिलो, आणि तेवढ्या वेळात दोन गाड्या माझ्या देखत निघून गेल्या. तिसऱ्या गाडीत मी चढलो असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. मला चढविण्यात आले. दारातच पाय टेकविण्यास जागा मिळाली तेव्हा तिथेच दांडा धरून कृतकृत्य उभा राहिलो. शेजारी पांढऱ्या सदऱ्यातले, बगलेत डबा धरलेले एक वयस्क गृहस्थ होते.

“नवीन दिसता,” ते म्हणाले. “कुठं उतरणार?”

“व्हीटीला.”

“मग दारात कशाला? आत सरका. दार त्याचं, ज्याला पुढच्या स्टेशनात उतरायचंय.”

रेल्वेच्या कोणत्याही नियमपुस्तकात हे कलम नाही. परंतु पुढील पस्तीस वर्षांत त्याहून अधिक काटेकोरपणे पाळला गेलेला कायदा मी पाहिला नाही. वस्तुतः त्या डब्यात दोन कायदे एकाच वेळी अंमलात होते. एक सरकारी: रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यातील १५६ व्या कलमान्वये टपावरून वा पायरीवरून प्रवास करणाऱ्यास तीन महिने कैद किंवा पाचशे रुपये दंड होऊ शकतो. दुसरा वहिवाटीचा. पहिला छापलेला होता आणि त्याची आठवण कोणासही होत नसे. दुसरा कोठेही लिहिलेला नव्हता आणि तो मोडणाऱ्याची धडगत नसे.

या वहिवाटीच्या कायद्याचे बारकावे एखाद्या निष्णात वकिलाने टिपून ठेवावेत असे होते. तिघांच्या बाकावर चौथ्याने येऊन नुसते “जरा” म्हटले की तिघांनी अंग चोरावयाचे, आणि चौथ्याने अर्ध्या मांडीवर समाधान मानावयाचे. बसलेल्या माणसाला “कुठे?” असे एकाक्षरी वाटावे इतक्या त्रोटकपणे विचारावयाचे, त्याने “घाटकोपर” म्हटले की घाटकोपरपासून पुढे ती जागा विचारणाऱ्याच्या नावावर दाखल झाली, आणि तो हक्क त्याने पुढे तिसऱ्याला बहाल केला तरी त्याबद्दल दावा चालत नसे. पाठीवरची पिशवी पोटाशी घ्यावयाची. फलाट कोणत्या बाजूस येणार ते नवख्याने विचारावे आणि जाणत्याने न चिडता सांगावे. बायकांच्या डब्यात तर ही जागांची नोंदवही पुरुषांहून चोख असे. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ स्त्रियांसाठी गाडी सुरू झाली, तेव्हा हा सारा शिरस्ता त्यांनी एका डब्यातून संपूर्ण गाडीत जसाच्या तसा नेला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला झेंडूचे तोरण लागे, पेढे वाटले जात, आणि ज्या दांड्याला वर्षभर जिवाच्या कराराने धरले त्यालाच हळदकुंकू वाहिले जाई.

परंतु वहिवाटीला दुसरी बाजूही होती, आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जी मंडळी आपल्या गटातल्या माणसासाठी जागा धरीत, तीच परक्याला दारात पाऊल ठेवू देत नसत. लांबच्या गाडीत जवळच्या स्थानकाचा प्रवासी शिरला तर त्याला उतरू न देता पुढे नेऊन ‘धडा शिकविण्यात’ पुरुषार्थ मानणारे महाभाग मी पाहिले आहेत. आणि त्या वेळी मी मान खाली घालून वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो, हेही नमूद करणे भाग आहे. उतरणाऱ्यांना आधी उतरू द्यावे हे सर्वांस ठाऊक होते. पण सुरुवातीच्या स्थानकात गाडी थांबण्यापूर्वीच उडी घेऊन खिडकी पटकावणाऱ्याचे घरी कौतुक होत असे. एकाच दाराने आम्हांस सज्जन केले आणि त्याच दाराने दांडगाई शिकविली.

नव्या गाड्यांची खरी नवलाई १२ नोव्हेंबर २००७ रोजी पश्चिम रेल्वेवर अवतरली. मुंबई रेल्वे विकास महामंडळाच्या प्रकल्पातून आलेल्या त्या पांढऱ्या-जांभळ्या गाडीच्या खिडक्या रुंद होत्या, छतातून मोकळी हवा आत सोडणारी यंत्रे होती, आणि पुढील स्थानकाचे नाव मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांतून उच्चारणारा आवाज होता. आता प्रवासीही सुधारेल, अशी भाकिते झाली. प्रवासी सुधारला नाही आणि बिघडलाही नाही, कारण ज्याने त्याला घडविले होते ते दार आणि ते वीस-तीस सेकंद जसेच्या तसे राहिले होते. रेल्वेच्या परिभाषेत चौरस मीटरमागे चौदा ते सोळा उभे प्रवासी अशा अवस्थेला स्वतंत्र नावच आहे. इतकी माणसे एवढ्या जागेत उभी असताना कोणी कोणाच्या पायावर पाय देणे याला उर्मटपणा म्हणावयाचे की भूमितीचा सिद्धान्त?

याचा निर्णायक पुरावा मला घाटकोपरास मिळाला. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा ते घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो सुरू झाली. काही महिन्यांनी एका सायंकाळी मी अंधेरीहून तिने आलो. माझ्यापुढे गळ्यात कचेरीचे ओळखपत्र अडकविलेला एक तरुण होता. अंधेरीला तो जमिनीवरच्या खुणेमागे उभा राहिला होता. दार उघडल्यावर बाजूला सरला होता. उतरणारे उतरल्यावर, मागच्यांनी थोडे रेटले तरी, शांतपणे आत गेला होता. घाटकोपरास आम्ही दोघेही पुलावरून रेल्वेच्या फलाटाकडे निघालो. पुलाच्या मध्यावर त्याने पिशवी पाठीवरून पोटावर घेतली. जिन्यावर त्याने बाह्या सारल्या. कल्याणची गाडी फलाटास लागत होती तेव्हा त्याचे दोन्ही हात पुढे आले होते आणि गुडघे किंचित वाकले होते. गाडी थांबण्याआधीच तो आत होता, आणि उतरू पाहणारे दोघेजण त्याच्या आवेगाने पुन्हा आत ढकलले गेले. माणूस तोच, सायंकाळ तीच, अंतर एका पुलाचे. तिकडे चार मिनिटांनी दुसरी गाडी आणि मिटणारे दार होते. इकडे उघडे दार आणि घरी वाट पाहणारे लहान मूल असावे.

२५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून चर्चगेटकडे पहिली वातानुकूलित लोकल निघाली, आणि मिटणारे दार रेल्वेच्या रुळांवरही आले. आरंभी तिचे भाडे सामान्य प्रवाशास परवडणारे नव्हते. मे २०२२ मध्ये एकेरी तिकिटाचा दर निम्मा झाला तेव्हा गर्दी तिकडे वळली. तथापि साध्या गाडीच्या ऐवजी थंड गाडी सोडण्यात आली, तेव्हा त्याच वर्षीच्या ऑगस्टात कळवा आणि बदलापूर येथे प्रवासी रुळांवर उतरले आणि मध्य रेल्वेला दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. त्या प्रक्षोभाला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की ज्याचा पास साध्या गाडीचा आहे त्याच्या दृष्टीने त्या वेळची गाडी सुधारली नव्हती, रद्द झाली होती.

पण या दाराने एक चमत्कार केला तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. दार मिटल्याशिवाय गाडी हलत नाही. त्यामुळे उंबरठ्यावर अर्धा अडकलेला माणूस, जो पूर्वी केवळ त्याचा स्वतःचा प्रश्न होता, तो आता साऱ्या गाडीचा प्रश्न झाला; आणि जी गर्दी त्याला बाहेर रेटीत असे तीच त्याला आत ओढून घेऊ लागली. उपदेशाने जे घडले नाही ते एका कळीने घडविले. त्याचबरोबर एक गोष्ट लोपलीही. धावत्या गाडीमागे पळणाऱ्या अनोळखी माणसाकडे दारातून जो हात पुढे होई, जात, धर्म, हुद्दा यांची चौकशी न करता त्याला वर घेई, त्या हाताला या काचेतून वाट नाही. त्या हाताबद्दल मी स्वतः हळवा आहे, कारण तो मलाही लाभला होता. परंतु साथीची वर्षे वगळता या मार्गांवर दरसाल दोन हजारांहून अधिक माणसे रुळांवर प्राण गमावीत आली आहेत, आणि त्यांच्या वाट्याला तो हात आला नव्हता. जखमेवरची फुंकर प्रिय वाटते म्हणून जखम राखून ठेवू नये. आता साध्या गाड्यांनाही हवा खेळविणारी झरोक्यांची दारे बसणार आहेत, बसोत.

गेल्या हिवाळ्यात नातीकडे जाण्यासाठी डोंबिवलीहून थंड गाडीत चढलो. ओढून घेणाऱ्यांनी मलाही आत ओढून घेतले. दार मिटले, काचेपलीकडचा फलाट मुकाट्याने मागे सरकू लागला, आणि मी काचेशीच दांडा धरून, इतक्या वर्षांनी काय काय बदलले याचा हिशोब करीत उभा राहिलो. कानांतली बोंडे काढून शेजारच्या मुलीने विचारले,

“आजोबा, कुठे उतरणार?”

“व्हीटीला.”

“मग आत सरका ना. मला ठाण्याला उतरायचंय.”

मी आत सरकलो.