उजवीकडचा नट उलटा का?

बरणीचं झाकण कसं लावतात? घड्याळाचे काटे फिरतात त्या दिशेने फिरवायचं, की झालं घट्ट! झाकणाच्या आतून बोट फिरव बरं. गोल जिन्यासारखे वर चढत जाणारे कंगोरे लागले? त्यांना म्हणतात आटे. नटाच्या आतही असेच आटे असतात.

आता ऐक गंमत! इंग्लंडमध्ये 1962 साली एमजीबी नावाची छोटी, देखणी मोटार आली. तिला सायकलसारखी तारांची चाकंही मिळायची. त्या चाकांना चार-पाच नट नसत. मधोमध एकच मोठ्ठा नट! आणि त्याला चक्क दोन कान! चाक काढायचं, तर कानावर तांब्याचा हातोडा हाणायचा. ठण्! तांब्याचा का? तांबं मऊ असतं ना! पोलादी हातोड्याने त्या चकचकीत कानांना पोचे पडले असते.

डावीकडचा नट अगदी बरणीच्या झाकणासारखा उघडायचा. आणि उजवीकडचा? ओळख पाहू!

उलटा! घड्याळाच्या दिशेने फिरवला की तो सैल व्हायचा. गोंधळ नको म्हणून नटावरच बाण कोरलेला असे: सोडवायचं तर इकडे फिरवा.

कारखान्यात चूक झाली होती का? छे! मुद्दाम केलं होतं. कशासाठी, ते स्वयंपाकघरात कळेल. चल!

लाटणं घे. त्यात एक बांगडी अडकव. बांगडीच्या वरच्या टोकाला एक टिकली लाव, लाटण्यावर दुसरी. लाटणं आडवं धर आणि हळूहळू एक पूर्ण फेरी फिरव. लाटण्याची टिकली परत जागेवर आली. आणि बांगडीची? अजून वाटेतच! बांगडी लाटण्याहून मोठी, म्हणून तिची फेरीही लांब. मैदानाला बाहेरच्या कडेने धावणारी मुलं मागे पडतात ना, तशीच बिचारी मागे पडली!

मोटारीतही हेच होतं. चाकाच्या मध्यावर एक उंचवटा असतो. नट आतून वाटीसारखा खोल असतो आणि तो या उंचवट्यावर बसतो. म्हणजे चाक झालं लाटणं, नट झाला बांगडी! नट जरा जरी सैल झाला, तरी गाडीचं वजन आणि चाकाचं फिरणं मिळून त्याला थोडं थोडं मागे पाडतात. फरक केसाएवढा, पण चाकाच्या फेऱ्या हजारो! मागे पडणं म्हणजे चाकाच्या उलट्या दिशेने फिरणं.

खेळण्यातली गाडी घे आणि पुढे ढकल. डाव्या बाजूने बघ, चाक घड्याळाच्या उलट फिरतं. मग तिथला नट मागे पडताना घड्याळाच्या दिशेने जाणार. म्हणजे आपोआप घट्ट!

उजव्या बाजूने बघितलं, तर सगळंच उलटं. साधे आटे ठेवले असते, तर तिथला नट चालता चालता सुटला असता. बाप रे! म्हणून तिथे उलटे आटे. गाडी पळतेय आणि आपले नट आपणच आवळतेय! मला तर ही युक्ती फार म्हणजे फारच आवडते.

असे उलटे आटे तुझ्या घरीही असतील. कुठे? सायकलच्या डाव्या पेडलला! सायकल दुरुस्तीला गेली, की दुकानातल्या काकांना नक्की सांग, "काका, डावं पेडल सोडवताना मला दाखवा हं!"