दुखत नाही, म्हणून

"हात कमरेवर. उजव्या पायावर भार. डावी टाच सावकाश खाली."

पुण्यातलं एक फिजिओथेरपी केंद्र, सकाळची वेळ. आखडलेल्या खांद्याला शेक घेत मी कडेच्या कॉटवर पडलोय. समोर वीतभर उंचीच्या लाकडी पायरीवर एक मुलगी उभी आहे. अंगात संघाची जर्सी, उजव्या गुडघ्याखाली आतल्या बाजूला बोटभर लांबीचा गुलबट व्रण. डावी टाच जमिनीकडे जाते तसा तिचा उजवा गुडघा थरथरतो आणि नकळत आत झुकतो.

"आरशात बघ. गुडघा कुठे चाललाय?"

"आत."

"असाच आत गेला होता तेव्हा. वर ये. परत."

ही कबड्डीची चढाईपटू. बोनस गुण घेऊन परत वळताना पाय मॅटवर तसाच रोवलेला राहिला आणि अंग फिरलं. कुणी पकडलंही नव्हतं. गुडघ्यात कट्ट आवाज झाला, संध्याकाळपर्यंत सूज चढली. एमआरआयमध्ये निदान आलं: एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं लिगामेंट, तुटलंय. शस्त्रक्रियेला आता चार महिने झालेत.

भिंतीशी बसलेली आई म्हणते, "मॅडम, आता अजिबात दुखत नाही हो तिला. जिना धडाधड उतरते."

मुलगी संधी साधते. "मॅडम, पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे. कुमारी गटातलं माझं शेवटचं वर्ष. सर म्हणतात, चढाई नको करूस, नुसती कोपऱ्यात उभी राहा."

"कोपऱ्यात उभी राहून काय पालखी बघणारेस? चढाई करणारी समोर आली की झेप घेशीलच की घोट्यावर!"

आईसुद्धा हसते. मुलगी हसत नाही.

मॅडम तिला कॉटवर बसवतात. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून पंधरा सेंटिमीटर मोजून दोन्ही मांड्यांवर पेनाने ठिपका काढतात आणि टेप गुंडाळतात. डावी अठ्ठेचाळीस, उजवी सेहेचाळीस. मग नडगीला पट्टा बांधून जोर मोजायचं यंत्र लावतात. "ढकल. अजून. सोडू नकोस." मुलीच्या कपाळावर शीर उभी राहते. दोन्ही पायांचे आकडे वहीत उतरतात, मॅडम भागाकार करून वही आईपुढे धरतात. डाव्याच्या मानाने उजवा एकाहत्तर टक्के.

"नव्वदच्या खाली मी मॅटवर पाय ठेवू देणार नाही."

"पण दुखत नाही तर..." आई चाचरते.

"ताई, तीच तर पंचाईत आहे." मॅडम स्टूल ओढून बसतात. तुटलेल्या लिगामेंटच्या जागी तिच्याच मांडीमागची शीर काढून घातलीय. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांत बोगदे पाडून ती ओवलीय. नवी जागा, रक्तपुरवठा नाही. शरीर तिथे हळूहळू रक्तवाहिन्या नेतं, ती शीर आतून नव्याने बांधतं. या बांधकामात पहिले काही महिने ती बसवली त्या दिवसापेक्षाही कमजोर असते. पक्की व्हायला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. "सूज उतरली, दुखणं थांबलं, की पोरांना वाटतं झालं. आतलं काम तेव्हा अर्ध्यावर असतं." 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यासही त्या सांगतात, ओस्लो आणि डेलावेअरच्या खेळाडूंचा: नऊ महिन्यांपर्यंत मैदान जितके महिने लांबवलं, तितक्या वेळा गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका जवळपास निम्म्याने घटत गेला.

मुलगी अजून हरलेली नाही. "कुस्तीतली विनेश फोगाट नाही का परत आली?"

"आली ना. रिओ ऑलिंपिकमध्ये गुडघा कधी गेला तिचा?"

"2016. ऑगस्ट."

"दिल्लीत आशियाई कुस्ती स्पर्धेला उतरली मे 2017 मध्ये. मोज."

मुलगी बोटांची पेरं मोजते. नवव्या पेरावर अंगठा थांबतो.

"रौप्य मिळवलं तिथे. आणि पुढच्या वर्षी जकार्तात एशियाडचं सुवर्ण. चल, पायरीवर."

आई उठून मोबाइल लावते. पलीकडे सर असावेत. "नाही सर, या वर्षी नाही," ती दोनदा सांगते. पलीकडचं बोलणं लांबतं. ती ऐकून घेते आणि तिसऱ्यांदा तेच सांगते.

निवड चाचणी हुकणार, कुमारी गटही संपणार. या मुलीचं हे नुकसान खरंच आहे, त्याला कुणी किरकोळ म्हणू नये. पण कुमारीनंतर महिला गट आहे. दुसऱ्यांदा तुटलेल्या गुडघ्याला मात्र पुढचा गट नसतो. म्हणून प्रशिक्षकांना आणि पालकांना एवढीच विनंती: अशा पोराला "दुखतंय का?" आणि "कधी उतरणार?" हे दोन प्रश्न विचारू नका. मांडीचा जोर किती टक्क्यांवर आला, ते विचारा. आकडा नव्वदच्या आत असेल किंवा नऊ महिने भरले नसतील, तर संघाच्या यादीत त्याचं नाव घालू नका.