पळवाट शोधणारी पेशी

वाळूजच्या कारखान्यांच्या पाळ्यांबरोबर ज्या बजाजनगरचा दिवस उजाडतो आणि मावळतो, तेथील एखाद्या घरात कर्करोगाचे निदान झाले म्हणजे पहिला प्रश्न निघतो तो ‘औषध लागू पडेल ना?’ हाच, आणि शास्त्रज्ञांनाही याच प्रश्नाने सर्वाधिक सतावले आहे, कारण औषधाचा मारा सुरू झाला म्हणून कर्कपेशी निमूटपणे मरत नाही, ती त्याला प्रत्युत्तर देते.

पवईच्या आयआयटीतील जैवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभागात प्रा. राहुल पुरवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांच्या साहाय्याने ‘नेक्सकार१९’ ही जी उपचारपद्धती सिद्ध केली, तिच्यात औषध म्हणजे रुग्णाचीच पेशी. त्याच्या रक्तातून रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी वेगळ्या काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी त्यांच्यात नवे जनुक घालायचे, आणि त्यायोगे रक्तातील बी-पेशींवर व त्यांच्यापासून उद्भवलेल्या कर्कपेशींवर असणारे ‘सीडी-१९’ हे प्रथिन त्यांना ओळखता येऊ लागले, की त्यांची संख्या वाढवून त्या पुन्हा शिरेवाटे शरीरात सोडायच्या. कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी बिल्ला पाहून माणूस ओळखतो, तशी ही टी-पेशी सीडी-१९ पाहून शत्रू ओळखते. निरोगी बी-पेशीही तोच बिल्ला लावून असल्यामुळे त्याही बळी पडतात, आणि ते नुकसान सोसावेच लागते. पण काही कर्कपेशी तो बिल्लाच उतरवून ठेवतात! मग पहारा कितीही कडक असो, त्या नजरेतून सुटतात, आणि आजार उलटतो. कर्कपेशीच्या या प्रत्युत्तराचा अभ्यास मला मूळ शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

४ जून २०२१ रोजी खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात पहिल्या रुग्णाला या पेशी देण्यात आल्या; ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली. चाचण्यांत सुमारे ७३ टक्के रुग्णांना गुण आला. परदेशात तीन-चार कोटींच्या घरात जाणारा असा उपचार येथे मंजुरीनंतर चाळीस लाखांच्या आसपास होऊ लागला, आणि हे यश लहान नव्हे. तथापि पगारावर जगणाऱ्या कामगाराच्या हिशेबात तीही रक्कम बसत नाही, म्हणून सरकारने तिची तजवीज केलीच पाहिजे.

औषध नियंत्रकांची २०२३ मधील ती मंजुरी पंधरा वर्षे व त्यावरील रुग्णांच्या बी-पेशींच्या कर्करोगापुरती आहे. घरात असा आजार उलटलेला रुग्ण असेल, तर सर्व उपाय थकले असे मानून त्याला घरी आणण्यापूर्वी रक्तविकारतज्ज्ञाला या उपचाराविषयी अवश्य विचारावे.